वाचकांचे प्रश्न : मुले आइस हॉकी खेळतात तेव्हा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आइस हॉकीविषयीची पत्रे हिवाळा जवळ आला की येऊ लागतात. तेथे वाढणारी मुले हा खेळ शेजारच्या मुलांबरोबर सहज उचलतात, आणि आईवडिलांना मात्र त्याचे नियमही मुलांकडूनच शिकावे लागतात. माझी दोन्ही मुले याच राज्यात हा खेळ खेळत मोठी झाली, त्यामुळे या वेळच्या तीन पत्रांना त्या अनुभवाच्या आधारे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि लहानपणापासून आमच्या उपनगराच्या हॉकी संघटनेत खेळतो. पुढच्या हंगामात तो पीवी गटातून बँटम गटात जाईल. तेथे बॉडी चेकिंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन पकपासून (चेंडूऐवजी वापरतात त्या रबरी चकतीपासून) दूर सारणे, नियमाने मान्य आहे. तो अंगाने लहानसर आहे. त्याचे बाबा म्हणतात, "सगळी मुले खेळतात, हाही खेळेल." पुण्याहून सासूबाई मात्र प्रत्येक फोनवर विचारतात की असला हाडे मोडणारा खेळ हवाच कशाला. मी त्याला थांबवावे का?
— एक आई, मिनिआपोलिसजवळून

उत्तर : थांबवू नये, असे माझे मत आहे. पण तुमच्या भीतीला आधार नाही, असे मी म्हणणार नाही, कारण हीच भीती खेळ चालवणाऱ्या संस्थेलाही वाटली होती. पूर्वी अकरा-बारा वर्षांच्या पीवी मुलांनाही चेकिंगची मुभा होती. यूएसए हॉकी या राष्ट्रीय संस्थेने २०११-१२ च्या हंगामापासून ती काढून घेतली आणि चेकिंग तेरा-चौदा वर्षांच्या बँटम गटापासून सुरू होईल असे ठरवले. कॅनडात अल्बर्टा प्रांतात पीवी मुले चेकिंग करत होती आणि क्वेबेकमध्ये करत नव्हती. या दोन प्रांतांची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात अल्बर्टातील मुलांना कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसून होणारी इजा, होण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. तुमचा मुलगा आजवर ज्या सुरक्षित नियमांखाली खेळला, ते नियम अशा पुराव्यातून आले आहेत.

आता बँटमविषयी. या वयाची खरी अडचण अशी की तेरा-चौदाव्या वर्षी एकाच संघातील एका मुलाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो, तरी दोघे एकाच बर्फावर एकाच वेगाने एकमेकांवर जातात. म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात त्याला चेकिंगच्या शिबिराला अवश्य पाठवा. तेथे धडक कशी द्यायची यापेक्षा ती कशी घ्यायची हे जास्त शिकवतात का, हे आधी विचारून घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरे शिबिर शोधा. लहान चणीच्या मुलाला उपयोगी पडतात त्या गोष्टी साध्या असतात: पक घेताना मान वर ठेवून आजूबाजूला पाहणे, रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, काठाच्या फळ्यांपासून हातभर अंतरावर घुटमळत न राहता एकतर फळीला अगदी चिकटून किंवा पुरेसे दूर असणे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या वाटेवर योग्य कोन साधून त्याला धडकेविनाच बाहेर ढकलणे.

मान वर ठेवण्याचा मुद्दा त्याच्याशी एकदा शांतपणे बोला. खाली मान घालून फळीवर आपटले की मानेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि सगळा जोर मणक्यांवर येतो. ३० डिसेंबर २०११ रोजी जॅक जॅब्लॉन्स्की हा सोळा वर्षांचा खेळाडू एका शालेय सामन्यात मागून बसलेल्या धडकेने फळीवर आदळला आणि त्याच्या मणक्याला कायमची इजा झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, हंगाम चालू असतानाच, राज्यातील शालेय स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या मिनेसोटा स्टेट हायस्कूल लीगने नियम कडक केले. मागून धडक देणे, फळीवर आपटणे आणि डोक्याला लक्ष्य करणे या अपराधांना तेव्हापासून थेट पाच मिनिटे खेळाबाहेर बसण्याची शिक्षा आहे, आणि त्या अवधीत विरुद्ध संघाने गोल केला तरी ती शिक्षा संपत नाही. तुमच्या मुलाला धडक बसण्याची काळजी तुम्ही करतच आहात. त्याने कुणाला मागून धडक देऊ नये, हेही त्याला तितक्याच गांभीर्याने सांगा. पालक हा अर्धा भाग बहुधा विसरतात.

हेल्मेटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते, मेंदूचा हादरा ते थांबवू शकत नाही, त्यामुळे महागडे हेल्मेट घेतले म्हणून निश्चिंत राहता येत नाही. वापरलेले हेल्मेट घेत असाल तर त्यावरील प्रमाणपत्राची मुदत पाहा. ती हेल्मेट तयार झाल्यापासून साडेसहा वर्षांची असते. कन्कशनबाबत मिनेसोटात २०११ पासून कायदाच आहे: लक्षणे दिसताच खेळाडूला बाहेर काढायचे आणि जाणकार वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. कायदा चांगला असला तरी लक्षणे बऱ्याचदा सामना संपून घरी आल्यावर दिसतात. डोके दुखणे, उजेड सहन न होणे, गृहपाठात लक्ष न लागणे, विनाकारण चिडचिड करणे यांवर तुमचेच लक्ष हवे, कारण पुढचा सामना चुकेल या भीतीने मुले हे लपवतात, आणि चांगली मुले जास्त लपवतात.

मानेच्या पट्ट्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. मिनेसोटातील हिबिंग गावचा व्यावसायिक खेळाडू ॲडम जॉन्सन २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे सामन्यात स्केटचे पाते मानेला लागून दगावला. त्यानंतर यूएसए हॉकीने १ ऑगस्ट २०२४ पासून प्रौढांखालच्या सर्व गटांना मानेचा संरक्षक पट्टा सक्तीचा केला. मुले तो सैल बांधतात, कारण गरम होते. तो नीट बसला आहे का, हे रिंकवर जाण्याआधी पाहणे हे आईचे काम आहे आणि त्याबद्दल मुलाने डोळे फिरवले तर फिरवू द्यावेत.

सासूबाईंना इतके सांगा की निर्णय दर हंगामाला नव्याने घेतला जाईल. एक वर्ष खेळून त्याला धडकांचा धाक बसला, तो सरावाला जायला टाळाटाळ करू लागला, तर थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत असून शाळेच्या दुसऱ्या संघात, म्हणजे जेव्हीमध्ये, खेळतो. प्रशिक्षक त्याला पुरेसा वेळ बर्फावर पाठवत नाहीत, असे मला स्पष्ट दिसते. गेल्या सामन्यानंतर मी त्यांच्याशी बोलायला गेलो तर त्यांनी "उद्या बोलू" असे सांगून टाळले. जवळच्या दुसऱ्या शाळेत त्याला मुख्य संघात जागा मिळेल असे कानावर आले आहे. इतकी वर्षे इतका खर्च केला आहे; कॉलेजची क्रीडा शिष्यवृत्ती मिळवायची असेल तर आता हालचाल करायला नको का?
— एक वडील, सेंट पॉलजवळून

उत्तर : प्रशिक्षकांनी तुम्हाला टाळले नाही. सामन्यानंतर चोवीस तास पालकांनी प्रशिक्षकांशी खेळाबद्दल बोलायचे नाही, हा संकेत बहुतेक संघ हंगामाच्या पहिल्याच बैठकीत सांगतात. दुसऱ्या दिवशी बोलताना "माझ्या मुलाला कमी का खेळवता" याऐवजी "त्याने काय सुधारावे" असे विचारा, आणि शक्य असेल तर मुलालाच विचारू द्या. दहावीतला मुलगा हे करू शकतो. प्रशिक्षकही ज्याने स्वतः येऊन विचारले त्याला अधिक मनापासून उत्तर देतात, हे मी पाहिले आहे.

शाळा बदलण्याचा विचार करताना नियम वाचून घ्या. कुटुंबाचे राहते घर न बदलता शाळा बदलली, तर सर्वसाधारणपणे नव्या शाळेच्या मुख्य संघात, म्हणजे वर्सिटीत, एक वर्ष खेळता येत नाही. ज्या मुख्य संघासाठी तुम्ही मुलाचे मित्र आणि शिक्षक बदलणार, त्याच संघाबाहेर त्याचे अकरावीचे वर्ष जाईल. आणि समजा पुढच्या वर्षी शाळेच्या कोणत्याच संघात जागा मिळाली नाही, तरी मिनेसोटात ज्युनियर गोल्ड ही त्याच वयाच्या मुलांची वेगळी स्पर्धा आहे. तेथे भरपूर खेळायला मिळते, गर्दी नसते आणि मुले हसतखेळत घरी येतात. पालक तिच्याकडे नाक मुरडून पाहतात ते का, हे मला कधीच कळले नाही.

शिष्यवृत्तीबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. संपूर्ण अमेरिकेत पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतील कॉलेज संघांची संख्या साठ-पासष्टच्या आसपास आहे, आणि तिसऱ्या श्रेणीतील कॉलेजे क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत. हॉकीत मुले बारावीनंतर सरळ कॉलेजच्या संघात क्वचितच जातात. बहुतेक जण आधी घरापासून दूर राहून ज्युनियर लीगमध्ये एक-दोन वर्षे खेळतात आणि विसाव्या वर्षाच्या आसपास कॉलेजात प्रवेश घेतात. त्यात १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या प्रमुख ज्युनियर लीगमधील खेळाडूंनाही अमेरिकी कॉलेजांकडून खेळण्याची मुभा मिळाली, त्यामुळे त्याच जागांसाठी आणखी तयारीचे खेळाडू रांगेत आले आहेत. तेव्हा सोळा वर्षांच्या जेव्ही खेळाडूच्या वडिलांनी या हिशेबावर मुलाची शाळा बदलणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर तो झालेला आहे. ॲस्पेन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत मुलांच्या खेळांपैकी आइस हॉकी सर्वांत महाग ठरली होती, एका मुलामागे वर्षाला सरासरी सुमारे २,५८३ डॉलर, आणि तुम्ही उन्हाळी संघांचे पैसेही भरले असतील तर तुमचा आकडा याहून बराच मोठा असणार. पण तो पैसा मुलाच्या नावावरचे कर्ज म्हणून मांडू नका. त्याला तो आकडा माहीत असतो. तुम्ही गाडीत बोलून दाखवला नाही तरी माहीत असतो.

आणि एक विनंती. तुम्ही पत्रात पंचांनाही दोन ओळी ऐकवल्या आहेत, त्या मी वर गाळल्या. लहान गटांतील पंच बऱ्याचदा स्वतःच शाळकरी मुले असतात आणि प्रेक्षकांच्या आरडाओरड्याला कंटाळून काम सोडतात. यूएसए हॉकीच्या धोरणानुसार पंच सामना थांबवून अशा पालकाला बाहेर जायला लावू शकतात. तसे झाले तर सोमवारी शाळेत त्याची चर्चा तुमच्या मुलाला ऐकावी लागते.

प्रश्न : मी नाशिकला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलीकडे मिनेसोटाला जाणार आहे. नात शाळेच्या हॉकी संघात आहे. मुलगी आणि जावई हिच्यापायी पहाटे पाचला उठतात, सुट्टीच्या दिवशी तीन-तीन तास गाडी चालवतात, आणि वर स्पर्धेत खाद्यपदार्थांच्या टेबलावर कामही करतात. शाळेच्या खेळाचे एवढे स्तोम कशासाठी?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : आजोबा, पहाटेचे कारण साधे आहे: बंदिस्त रिंक मोजक्या, संघ पुष्कळ, म्हणून बर्फावरचा वेळ वाटून घ्यावा लागतो आणि कुणाच्या तरी वाट्याला पहाट येतेच. टेबलावरचे काम हीही बहुधा हौस नसते. अनेक संघटना हंगामाच्या सुरुवातीला पालकांकडून अनामत धनादेश घेतात आणि ठरलेले तास काम केले नाही तर तो वटवतात. त्या कामामुळेच शुल्क थोडे आटोक्यात राहते.

स्तोमाचे म्हणाल तर ते जुने आहे. मुलांची राज्यस्तरीय शालेय स्पर्धा १९४५ पासून होते, आणि आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला जसा गाव लोटतो तशी मार्चमध्ये सेंट पॉलला गर्दी होते. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी संघातील वीसपैकी बारा खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स मिनेसोटाचेच होते. मुलींच्या शालेय हॉकीला अधिकृत मान्यता देणारे पहिले राज्यही हेच, १९९४ मध्ये. तुमच्या नातीला जे सहज मिळाले आहे ते तिच्या आईच्या वयाच्या बऱ्याच अमेरिकी बायकांना शाळेत मिळाले नव्हते. मुलींच्या खेळात बॉडी चेकिंग नसते, म्हणजे तुमची निम्मी काळजी येथेच मिटावी.

मुलींची राज्यस्पर्धा फेब्रुवारीत असते, म्हणून शक्य असल्यास लवकर जा. शालेय सामना सतरा मिनिटांच्या तीन भागांचा असतो, पण मधल्या विश्रांतीत बर्फ नवा करणारे यंत्र फिरते आणि सगळे मिळून दोन तास सहज होतात. रिंकच्या आत बाहेरच्यापेक्षा ऊब असली तरी बाके गार असतात. कानटोपी, लोकरी मोजे आणि बसायला जाडसर घडी सोबत ठेवा. चहाचा थर्मास आत नेऊ देतात का, ते मात्र त्या त्या ठिकाणी विचारून घ्या.