आजीचा श्रावण आणि मटणाचा हिशेब

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

दिव्यांची अवस झाली आणि आजीने मटणाचं पातेलं माळ्यावर टाकलं, असं तू कळवलंस. आजी हे हवामानासाठी करते का, आणि त्याने खरंच काही फरक पडतो का, हे तुझे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तो नेम आहे, हवामानाशी संबंध नाही. दुसऱ्याचं उत्तर मटणाच्या जागी ताटात काय येतं त्यावर आहे.

बकरी, गाय, म्हैस रवंथ करतात. त्यांच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन होतो आणि तो बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो (मागच्या बाजूने नाही, आजोबा काहीही सांगोत). शंभर वर्षांच्या हिशेबात १ किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. कोंबडी रवंथ करत नाही, त्यामुळे तिचा आकडा एकदम खाली येतो.

२०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. एक किलो अन्नामागे किती किलो कार्बन डायऑक्साइडइतका वायू (मिथेन वगैरे धरून) सुटतो, याची त्यांची जागतिक सरासरी अशी: मांसासाठी पाळलेल्या गुरांचं बीफ जवळजवळ १०० किलो, मेंढीचं मटण ४०, चिकन १०, कडधान्यं दोनच्या आत. पुण्यातलं बोकड या सरासरीत तंतोतंत बसेलच असं नाही. डोंगरावर चरलेलं म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. ते सावकाश वाढतं, म्हणजे तितके जास्त दिवस ढेकरा देतं.

आता घरचा हिशेब. चौघांचं रविवारचं अर्धा किलो मटण म्हणजे २० किलो. त्याऐवजी वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम मटकीची उसळ केली तर अर्ध्या किलोच्या आत, आणि शिजवायच्या गॅसचा त्याहून कमीच. चार रविवारी ८० किलोंच्या जागी दोन-तीन. मात्र अवसेच्या आधीच दीड किलो मटण जास्तीचं खाल्लं असेल, तर त्यातले तीन रविवार आगाऊ वसूल झाले!

खरी गोम पनीरमध्ये आहे. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं आणि दुधाचा आकडा लिटरमागे तीनेक किलो. निवळीचा वाटा वजा केला तरी पनीर चिकनच्या खाली येणं कठीण. मटण सोडून पनीर बटर मसाला मागवलात तर फायदा आहे, चिकन सोडून मागवलात तर बहुधा नाही. श्रावण पाळणाऱ्या घरांत नेमकं पनीरच वाढतं, ही माझी तक्रार.

आणि प्रमाण विसरू नकोस. तुझं लंडन-मुंबई जाणं-येणं साधारण एक टन, म्हणजे चौघांचं पन्नास रविवारचं मटण.

तर उसळ शिकून ये. मटकी रात्री भिजव, आठ-दहा तासांनी पूर्ण निथळ, ओल्या पंच्यात सैल बांध आणि पुरचुंडी टांगून ठेव. बंद डब्यात ठेवलीस तर पावसाळी दमटपणात ती बुळबुळीत होते आणि वास मारते. मोड आखूड असतानाच शिळी होते. मध्ये एकदा धुऊन पुन्हा निथळायची. बारा-पंधरा तासांत मोड येतात. कुकरला लावू नकोस, दोन शिट्ट्यांत लगदा होतो. कढईत फोडणीवर टाकून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं पुरतात. मीठ, गूळ आणि गोडा मसाला मटकी बोटांत दबायला लागल्यावर घाल. गूळ आधी पडला तर दाणा टणक राहतो, मग गॅस जळतच राहतो.

मोड आले की फोटो पाठव. आजी-आजोबांना सा. न.

तुझा,
बाबा