ग्रिलला कव्हर आहे, घराला नाही

अंगणात किचन करायचंय, तर ग्रिल ओट्यात बसवलेला घेऊ की चाकांवरचा, घरातला जुना फ्रीज बाहेर ठेवला तर चालेल का, आणि दुकानदार गळ्यात मारतोय ती वाढीव वॉरंटी घेऊ का, असं एका वाचकाने विचारलंय. पत्र दोन पानी, त्यातलं दीड पान ग्रिलवर. खरा घोळ शेवटच्या चार ओळींत आहे: "लोन फक्त 10 टक्क्याने मिळतंय. साडूंकडून घेतलेली पॉलिसी मोडायची नाही, ती 20 वर्षांत डबल होते. मुलं लहान आहेत, घराचं लोन 15 वर्षं बाकी. शिवाय किचनमुळे घराची किंमतही वाढेल, म्हणजे ही इन्व्हेस्टमेंटच झाली ना?"

नाही झाली. हौस म्हणा, हौसेला माझी ना नाही. पुढे विकताना किंमत वसूल होईल असं धरून कर्ज काढायचं नसतं, घेणाऱ्याला कदाचित त्या जागी झाडंच हवी असतील.

तुमचे आकडे इथे उघडे करत नाही, सगळं तुमच्या महिन्याच्या पगारात मोजतो. किचन 6 पगारांचं, सगळं लोनवर, 3 वर्षं. कोटेशनचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, त्यात 10 टक्क्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'फ्लॅट' असं लिहिलंय बघा. म्हणजे व्याज तीन वर्षं पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर, अगदी शेवटच्या हप्त्याला मुद्दल नावापुरतं उरलं असेल तरी. व्याज झालं 1.8 पगार, एकूण 7.8, महिन्याला 0.22. घराच्या लोनसारखं घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हा दर 18 च्या आसपास जातो, 10 नाही! घराचा हप्ता आधीच पगाराच्या 40 टक्के, हा 22, पॉलिसीचे महिन्याला 8, म्हणजे पगार हातात पडायच्या आधीच त्यातले शंभरातले 70 वाटून झाले आणि अजून किराणा आणायचाय.

आता पॉलिसी. वर्षाला एक पगार प्रीमियम, 20 वर्षं भरायचे, शेवटी 40 मिळणार. डबल ऐकून छान वाटतं, पण पैसे हप्त्याहप्त्याने जातात तेव्हा तो परतावा वर्षाला सहा-सव्वासहा टक्के पडतो, आणि त्या 40 मधले 20 बोनसचे, ज्याची हमी कागदावर कुठेच नाही, साडूंच्या तोंडी आहे. पत्रात तुम्ही हा परतावा 12 टक्के कुठून धरलात ते मला कळलं नाही. हे असलं विमा-कम-गुंतवणूक प्रकरण नात्यातल्या माणसाकडून आलं की कोणी कागद वाचत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो.

पण माझं मुख्य दुखणं परतावा नाहीच. तुम्ही उद्या नसलात तर ही पॉलिसी घरच्यांना देणार 20 पगार (आणि साठलेला थोडा बोनस). घराचं कर्ज बाकी आहे 40 पगार. म्हणजे सगळं बँकेला दिलं तरी निम्मं कर्ज तसंच, आणि मुलांच्या नावाने शून्य. ग्रिलवर टाकायच्या कव्हरला किती वर्षांची गॅरंटी हे तुम्ही विचारलंत, आणि घर चालवणाऱ्या माणसाचं कव्हर किती हे पॉलिसी घेतल्यापासूनच्या सहा वर्षांत एकदाही बघितलं नाहीत. दहा वर्षांचा पगार म्हणजे 120, अधिक कर्जाचे 40, असं 160 पगारांचं साधं टर्म कव्हर पाहिजे, ज्यात शेवटी काहीच परत मिळत नाही आणि म्हणूनच ते स्वस्त असतं. फॉर्मात सिगरेट, बीपी सगळं खरं लिहा.

पॉलिसी मात्र रागाच्या भरात मोडू नका. आधी टर्मचा कागद हातात येऊ दे, मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा, आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर शेवटी किती. भरलेले 6 हप्ते विसरा, पुढच्या 14 चं काय होतं तेवढं बघायचं. कधी कधी चालू ठेवणंच बरं निघतं, कारण नुकसान व्हायचं ते सुरुवातीलाच होऊन गेलेलं असतं. आकडे आले की पाठवा.

राहिला ग्रिल. चाकांवरचा घ्या. ओट्यात बसवला की ओटा त्याच मापाने कापला जातो आणि पुढे तो मॉडेल बंद झाला की ओटा फोडा. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा, पत्र्याला घट्ट चिकटला तर ते बहुतेक बिनानिकेलचं स्वस्त स्टील, बाहेरच्या दमटपणात लवकर गंजतं, 304 नंबरच्या, म्हणजे निकेलवाल्या स्टेनलेस स्टीलला सहसा चिकटत नाही, चिकटला तर अगदी हलका. समुद्र जवळ असेल तर त्याहून टिकाऊ 316 नंबरचं बघा. जुन्या फ्रीजच्या आतल्या स्टिकरवर एन लिहिलं असेल तर तो 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे, टी असेल तर 43, आणि पाऊस यातल्या कुठल्याच अक्षरात धरलेला नसतो. घरातली वस्तू बाहेर ठेवली की वॉरंटी बहुतेक वेळा तिथेच संपते, तेव्हा वाढीव वॉरंटी घेण्याआधी ते कलम दुकानदाराला मोठ्याने वाचायला सांगा. हूड, साइड बर्नर, ओटा, सगळं नंतर. गॅसची टाकी कपाटात ठेवणार असाल तर झरोका खाली जमिनीलगत पाहिजे, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो.

लोन घेऊ नका. तोच 0.22 चा हप्ता सहा महिने स्वतःच्या खात्यात टाका, सव्वा पगार जमतो, आणि तुमच्या कोटेशनमध्ये नुसता ग्रिल तेवढ्याचाच आहे.