माध्यमं ठरावीक उमेदवारांचेच घोटाळे उगाळतात का?

कधी कधी हो. पण पक्षपात असणं वेगळं आणि तो वाटणं वेगळं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात लेबनॉनमधल्या १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या त्याच त्या बातम्या इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या होत्या. दोन्ही गटांना त्या आपल्याच विरोधात वाटल्या!

म्हणून एका बातमीवरून निकाल देऊ नका. सारख्याच वजनाचे दोन आरोप घ्या, एक आवडत्या उमेदवारावरचा, एक नावडत्यावरचा. पहिल्या पानावर कोणता आला, किती दिवस टिकला? मथळ्यात ‘आरोप’ होता की थेट ‘घोटाळा’? आणि मुख्य म्हणजे, निर्दोष ठरल्याची बातमी तेवढीच ठळक आली का? बरीच माध्यमं इथेच उघडी पडतात. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो, कारण तोवर मतदान होऊन गेलेलं असतं.