सेप्टिक शॉकच्या पेशंटचं बीपी अचानक वर-खाली झालं तर नर्सने आधी काय बघायचं?

तुम्ही आयसीयूत नव्या आहात आणि सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा) नॉरॅड (नॉरअ‍ॅड्रेनलिन, बीपी वाढवणारं औषध) चालू असताना बीपी का हलतं ते कळत नाही, असं विचारलंय. डॉक्टरांना कळवाच, पण डोस बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, ए-लाइनचा (धमनीतल्या नळीचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर. तो हृदयाच्या पातळीला हवा: चौथ्या-पाचव्या बरगडीमधली फट, काखेच्या मधल्या रेषेत. स्टँडला बांधलेला असेल तर बेड वर घेतला की छाती वर जाते, तो तिथेच राहतो. १० सेंमी खाली राहिला की बीपी साडेसात मिमी पाऱ्याने जास्त दिसतं. मॉनिटरवर एमएपी (सरासरी बीपी) ६५, खरा मात्र ५७-५८! त्यामुळे पोझिशन बदलली की दर वेळी लेव्हल करा. ए-लाइनच्या फ्लशची प्रेशर बॅग ३०० मिमी पाऱ्यावर आहे ना, तेही बघा.

दुसरी, सिरिंज. नॉरॅडचा परिणाम एक-दोन मिनिटांत ओसरतो, म्हणून चालू सिरिंज संपायच्या अर्धा तास आधीच नवी भरून दुसऱ्या पंपावर लावा. लाइन पेशंटला जोडण्याआधी पर्ज करा (पंपाने औषध पुढे ढकला), थेंब टोकाला आला पाहिजे. नाहीतर ताशी ३ मिलीच्या वेगाने प्लंजरमागची ढिलाई भरेपर्यंत पेशंटला औषधच जात नाही आणि एमएपी कोसळतो. नॉरॅडच्या लुमेनमधून (नळीतल्या त्या मार्गातून) फ्लश किंवा दुसरं इंजेक्शन कधीच नको, आतलं नॉरॅड एकदम ढकललं जातं. अँप्यूलवर मिग्रॅ बेसचे (मूळ औषधाचे) लिहिलेत की बायटार्ट्रेटचे (त्याच्या क्षाराचे), तेही वाचा. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ बेस.

सेप्टिक शॉक ओळखल्यावर पहिल्या तासातलं थोडक्यात: ब्लड कल्चरचे (रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीचे) दोन सेट, मग लगेच अँटिबायोटिक. कल्चर मिळेना म्हणून अँटिबायोटिक अडवू नका. रक्ताचं लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडतंय का ते दाखवतं) पाठवा. फ्लुइड ३० मिली/किलो सांगितलं असेल तर ६० किलोला १८०० मिली, तीन तासांत. मधेमधे छाती ऐका, फुप्फुसात पाणी साठत नाही ना.

आकड्यांइतकंच बोटाकडे बघा. बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर एमएपी ६५ असूनही रक्त पोचत नाहीये. अशा गार बोटाची ग्लुकोमीटरची शुगरही फसवते, सॅम्पल ए-लाइनमधून घ्या.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) होईपर्यंत नॉरॅड हाताच्या शिरेतून चालू असेल, तर कॅन्युला कोपरापाशी किंवा वर हवी आणि जागा दर तासाला उघडून बघायची. पांढरी, गार, फुगलेली दिसली तर इथलं लगेच थांबवा, नॉरॅड दुसऱ्या शिरेतून सुरू करा, पण कॅन्युला उपसू नका. मुरलेलं औषध तिच्यातूनच ओढून घ्यायचं असतं.