जंजिऱ्यावरचं पहिलं नाटक बसवताना

पहिलंच नाटक आणि विषय मुरुडचा जंजिरा, मस्त! पण जंजिऱ्याच्या सिद्दी राज्यकर्त्यांची पात्रं दाखवायला नटांची तोंडं काळी रंगवायचा तुझा बेत आधी रद्द कर. माझ्या पहिल्या प्रयोगात मी सिद्दी सरदाराच्या तोंडाला काजळ फासलं होतं. लोक हसले, मला वाटलं नाटक रंगलं. ते हसत होते रंगाला.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- सिद्दी म्हणजे नुसता क्रूर खलनायक नव्हे. पूर्व आफ्रिकेतून आलेली ही माणसं, कित्येक गुलाम म्हणून विकली गेलेली. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर असाच विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. सिद्दींचं जंजिरा संस्थान तर १९४८ पर्यंत टिकलं. शत्रू दाखव, पण माणूस दाखव.
- 'धमाल' नावाचा नाच घुसडायचा मोह होईल. तो गुजरातच्या सिद्दींचा, बावा गोर या सूफी संतावरच्या श्रद्धेशी जोडलेला. दरबारात शोभेला नको.
- 'हबशी' हा शब्द संवादात चालेल, तालमीत सावळ्या पोराला चिडवायला नाही. (पडद्यामागे हेच जास्त चालतं. तिथल्या तिथे थांबव.)

संहिता एखाद्या सिद्दी माणसाला वाचायला दे, पण तालमी सुरू व्हायच्या आधी. काही खटकलं म्हणाला तर बाजू मांडत बसू नकोस, बदल. वेशभूषेचं नंतर बघू.