जी सेव्हनवर रंग कसा आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा: जॅझमध्ये कीबोर्डवर डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) चालू असताना सी मेजर स्केलमध्येच सोलो वाजवला, तर चुकत काही नाही, पण सगळं सपक लागतं. ऑल्टर्ड स्केल (जी सेव्हनवर वाजवायचं, बरेच सूर कोमल-तीव्र केलेलं स्केल) पाठ केलं तरी ते वरून चिकटवल्यासारखं वाटतं.

स्केल तूर्तास बाजूला ठेवा, आधी डावा हात बसवा. मधल्या सीच्या खालच्या एफपासून वर चार सूर: एफ, ए, सी, ई. हा झाला डी मायनर नाइन. मूळ सूर बासवाल्याचा, आपण तो घ्यायचा नाही. जी सेव्हनला एफ जागेवर ठेवा आणि बाकीचे तिन्ही अर्धा स्वर (काळी धरून शेजारच्या पट्टीवर) खाली आणा: एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट. सी मेजरला बी जागेवर, बाकीचे तिन्ही पुन्हा अर्धा स्वर खाली: ई, जी, बी, डी. आता ए–ए फ्लॅट–जी ही ओळ गाऊन बघा, मग ई–ई फ्लॅट–डी. तुम्ही शोधताय तो रंग या दोन उतरणींत आहे.

मधल्या कॉर्डमध्ये ए फ्लॅट हा फ्लॅट नाइन, ई फ्लॅट हा फ्लॅट थर्टीन, म्हणजे जीपासून मोजलेला नववा आणि तेरावा सूर, अर्धा स्वर उतरवलेले. बासने जीऐवजी डी फ्लॅट धरला, तर तेच चार सूर डी फ्लॅट नाइन होतात. बीबॉप या जॅझशैलीवाल्यांनी १९४० च्या दशकात सर्रास वापरलेलं ट्रायटोन सब्स्टिट्यूशन (तीन पूर्ण स्वर दूरचा कॉर्ड त्या जागी घेणं) ते हेच. त्यासाठी वेगळं काही पाठ करायला नको.

पेटीवरून आलेल्यांसाठी: जीला सा धरा. ऑल्टर्ड स्केल म्हणजे सा, कोमल रे, दोन्ही गंधार, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. पंचम वर्ज्य. दोन गंधार बघून राग जोग आठवेल, पण तिथे सा हलत नाही. इथे पुढच्याच बारला (चार बीटचा एक खंड) पायाखालचा सूर बदलतो, म्हणून प्रत्येक कोमल सुराला उतरायला जागा लागते. ती नसली की चिकटवल्यासारखं वाटतं.

उजव्या हाताला ही ओळ घ्या, सगळे एट्थ नोट (प्रत्येकी अर्धा बीट). पहिला बार: डी, एफ, ए, सी, ई, डी, ए, सी. दुसरा: बी, ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट, ए फ्लॅट, एफ, ई फ्लॅट, डी फ्लॅट. तिसऱ्या बारच्या पहिल्या बीटवर सी. शेवट मोकळा हवा असेल तर डी, कारण ई फ्लॅट आणि डी फ्लॅटने त्याला दोन्ही बाजूंनी घेरलेलंच आहे. दुसऱ्या बारमध्ये ई फ्लॅट–जी–बी फ्लॅट हा साधा मेजर ट्रायड (तीन सुरांचा कॉर्ड) दडलाय. कान ट्रायड चटकन ओळखतो, त्यामुळे बाहेरचे सूरही विस्कळीत वाटत नाहीत. मेट्रोनोम ६० वर ठेवा. ओळ बिनचूक आली की आणखी पाच कींमध्ये (स्वरपट्ट्यांत) न्या, मगच वेग.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. उतरायला अर्धा बीट उशीर झाला की ई फ्लॅट सी मेजरवर लोंबकळतो आणि सरळ चूक वाटते. दुसरं, साथीचा पियानिस्ट किंवा गिटारिस्ट जी थर्टीन (साधा तेरावा सूर ई असलेला जी सेव्हन) वाजवत असेल तर त्याचा ई आणि तुमचा ई फ्लॅट भांडणार; आधी ठरवून घ्या. तो ई सोडणार नसेल, तर अर्धा-पूर्ण क्रमाचं डिमिनिश्ड स्केल वापरा: जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट, बी, सी शार्प, डी, ई, एफ. त्यात फ्लॅट नाइन आणि साधा थर्टीन सुखाने नांदतात. तिसरं, प्रत्येक जी सेव्हनवर हाच मसाला. चार वेळांतून एकदा पुरे, आणि डी मायनरचा बार साधाच राहू द्या.

जी सेव्हन सीकडे जाणारच नसेल, चार-चार बार तिथेच रेंगाळत असेल, तर ऑल्टर्ड सोडा आणि डी मेलॉडिक मायनर (डी, ई, एफ, जी, ए, बी, सी शार्प) घ्या.

बँडमध्ये पहिल्यांदा वापरून बघायला बारा बारच्या सी ब्लूजचा चौथा बार सोपा. तिथला सी सेव्हन एफ सेव्हनकडे जातो, आणि डी फ्लॅट, ए फ्लॅट हे सूर सी आणि जीवर अर्ध्या स्वराने उतरतात.