‘दोन मिनिटे आहेत का?’

प्रश्न : मी एका कंपनीच्या लेखा विभागात अनेक वर्षे काम करते. महिनाअखेरीस बँकेच्या नोंदींचा ताळमेळ घालून अहवाल तयार करणे ही माझी जबाबदारी आहे आणि हे काम सलग दोन तास बसल्याशिवाय उरकत नाही. माझी जागा खोलीच्या मध्यावर असल्याने येता-जाता प्रत्येक जण ‘दोन मिनिटे आहेत का?’ असे विचारत थांबतो. मध्यंतरी मी हेडफोन लावून बसू लागले, तेव्हा ‘हल्ली फारच भाव खातात’ अशी कुजबुज कानावर आली. परिणामी खरे काम सगळे गेल्यावर संध्याकाळी करावे लागते. कोणाला न दुखावता यातून मार्ग निघेल का?

उत्तर : मार्ग निघेल, परंतु त्याआधी एक अपराधी भावना दूर करू. ‘आपल्यालाच एकाग्रता जमत नाही’ असे तुम्हाला कुठेतरी वाटत असावे, असे तुमच्या पत्रावरून जाणवते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील एरिक आल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ठरावीक क्रमाने पायऱ्या पार पाडायच्या असलेल्या कामात सरासरी २.८ सेकंदांचा व्यत्यय आणला, तर क्रम चुकण्याचे प्रमाण दुप्पट झाले, आणि व्यत्यय ४.४ सेकंदांचा झाला तेव्हा ते तिप्पट झाले. ताळमेळ घालणे हे नेमके याच जातीचे काम आहे. कोणती नोंद पाहून झाली, कोणती रक्कम पुढच्या महिन्यात जाणार आणि कोणत्या फरकाचे कारण अजून सापडलेले नाही, हे सारे त्या क्षणी केवळ डोक्यात असते. मान वर करून ‘बोला’ म्हणेपर्यंत त्यातले काहीतरी निसटलेले असते.

वरिष्ठांना हे का दिसत नाही, याचेही उत्तर संशोधनात आहे. ग्लोरिया मार्क यांनी दोन सहकाऱ्यांसह २००८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उशिरा नव्हे, तर उलट थोडे लवकर संपवले. मात्र त्यांच्यावरील ताण, चिडचिड आणि वेळेचे दडपण वाढलेले आढळले. अहवाल वेळेवर टेबलावर येतो आहे, एवढेच बाहेरून दिसते. तो कोणाच्या संध्याकाळीतून आला, हे अहवालावर लिहिलेले नसते, आणि म्हणून ते तुम्हालाच सांगावे लागेल.

आता हेडफोनविषयी. बंद दारावर ते केव्हा उघडेल हे लिहिलेले नसेल, तर समोरचा माणूस टकटक करणारच. हेडफोन हे असेच दार आहे. ते ‘आत्ता नको’ एवढेच सांगते, ‘केव्हा’ हे सांगत नाही. विचारायला आलेल्या सहकाऱ्याचेही काम अडलेले असते आणि आपल्याला उत्तर नक्की मिळेल याची त्याला खात्री नसते, म्हणून तो दिसेल त्या क्षणी तुम्हाला गाठतो. ‘साडेअकराला मी मोकळी आहे, तेव्हा निवांत बघू’ असे म्हटले आणि साडेअकराला तुम्ही खरोखर मोकळ्या असलात, तर नकाराचा दंश उरत नाही. यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. दोनदा शब्द मोडलात, तर तिसऱ्या वेळी कोणीही थांबणार नाही, आणि त्यात त्यांची चूकही नसेल.

ही व्यवस्था वर्षभर आणि रोज मागू नका. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांपुरती, सकाळच्या दोन तासांसाठी मागा आणि विभागप्रमुखांच्या संमतीने आधीच सर्वांना कळवा. कामाच्या नावासह मागितलेला वेळ लोक सहज देतात; ‘मला शांतता हवी’ या कारणासाठी देताना मात्र त्यांच्या कपाळावर आठी उमटते. तातडीचे कशाला म्हणायचे हेही त्याच वेळी ठरवा. एखादी देयके थांबणार असतील किंवा ग्राहक समोर बसला असेल, तर जरूर यावे. बाकीचे साडेअकरापर्यंत थांबू शकते. ही व्याख्या केली नाही, तर प्रत्येकाला आपलेच काम तातडीचे वाटते.

त्याआधी एक आठवडा टेबलावर एक कागद ठेवा आणि कोण, केव्हा, काय विचारायला आले, याची एकेका ओळीत नोंद करा. माझा अंदाज असा, की प्रश्न बरेच असले तरी त्यांचे प्रकार पाच-सहाच निघतील, आणि त्यातले निम्मे ‘अमुक फाइल कुठे आहे’ किंवा ‘अमुक नमुना कसा भरायचा’ या स्वरूपाचे असतील. त्यांची उत्तरे एकदाच नीट लिहून सर्वांना दिसेल अशा फोल्डरमध्ये ठेवा. येथे थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. जुन्या कर्मचाऱ्याला सारखे विचारले जाणे त्रासाचे असते तसे सुखाचेही असते. ‘त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही’ ही ख्याती सोडणे जड जाते. उत्तरे कागदावर उतरवण्याचे काम वर्षानुवर्षे मागे पडते, त्याचे कारण पुष्कळदा वेळेच्या अभावापेक्षा हे असते.

इतके करूनही कोणीतरी येईलच. तेव्हा मान वर करण्यापूर्वी ‘एक क्षण’ म्हणा आणि आपण कुठे होतो व पुढे काय करायचे, हे अर्ध्या ओळीत लिहा. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा काही भाग मागे रेंगाळत राहतो. पुढे टेरेसा ग्लॉम यांच्यासह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, परत आल्यावर कोठून सुरुवात करायची याची छोटी टिपणी केल्यास हे रेंगाळणे कमी होते, असे त्यांना आढळले. लाभ दोघांचाही आहे, कारण टिपणी झाली की आलेल्या माणसाकडे तुम्ही पुरते लक्ष देऊ शकता.

प्रश्न : माझ्या हाताखाली आठ जण आहेत. सकाळी दहा ते बारा कोणी कोणाशी बोलायचे नाही, असा नियम मी केला. पहिला आठवडा उत्तम गेला. तिसऱ्या आठवड्यात कोणाला त्याची आठवणही राहिली नाही. लोकांना शिस्त कशी लावावी?

उत्तर : नियम प्रथम कोणी मोडला, हे आठवून पाहा. बहुधा वरून एखादी विचारणा आली असेल आणि आपण उठून कोणाच्या तरी टेबलापाशी गेला असाल. प्रमुखाने एकदा मोडलेला नियम इतरांच्या लेखी संपलेला असतो.

लेस्ली पर्लो यांनी सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या एका गटात अशीच ‘शांत वेळ’ राबवून पाहिली. त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग चालू असताना अनेकांना त्याचा लाभ झाला, परंतु प्रयोग संपताच गट जुन्या वळणावर गेला. जो ऐन संकटात धावून येतो त्याचेच कौतुक करण्याची तेथील रीत बदलली नव्हती, हे त्यामागचे कारण. आपल्याकडेही आग विझवणाऱ्याला शाबासकी आणि आग लागूच न देणाऱ्याकडे दुर्लक्ष, असे चालत असेल, तर घड्याळाचा नियम टिकणार नाही. शिवाय दोन तास मौन पाळणे नवख्या माणसाला अन्यायाचे ठरते, कारण त्याचे काम इतरांना विचारूनच पुढे सरकते. त्याला अडलेले प्रश्न लिहून ठेवायला सांगा आणि बारा वाजता त्याच्याजवळ कोण बसेल, हे नाव घेऊन ठरवा. मीटिंगा दिवसभर विखुरण्याऐवजी दुपारी एकापाठोपाठ ठेवा. अकराची अर्ध्या तासाची मीटिंग सारी सकाळ खाते, कारण साडेदहानंतर कोणी मोठे काम हाती घेत नाही.

प्रश्न : मी घरून काम करतो. मला कोणीही त्रास देत नाही; तरीही दर दहा मिनिटांनी मीच ईमेल आणि मोबाइल पाहतो. यावर उपाय काय?

उत्तर : आपण एकटे नाही. कार्यालयांतील लोकांचे निरीक्षण करणाऱ्या ग्लोरिया मार्क यांच्या अभ्यासांत निम्म्याच्या जवळपास व्यत्यय लोकांनी स्वतःच ओढवून घेतलेले होते. कोस्टाडिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१५ मधील प्रयोगात, दिवसातून तीनच वेळा ईमेल पाहायला सांगितलेल्या आठवड्यात लोकांचा ताण कमी झाला. तेव्हा ईमेलच्या तीन वेळा ठरवा, सहकाऱ्यांना त्या कळवा आणि नोटिफिकेशन बंद ठेवा.

मात्र हात मोबाइलकडे नेमका केव्हा जातो, यावर दोन दिवस लक्ष ठेवून पाहा. माझा अनुभव असा, की काम सोपे असताना तो जात नाही. वाक्य अडले, आकडा जुळेना किंवा पुढची पायरी दिसेना, की तो जातो. त्या क्षणी मोबाइलऐवजी पेन उचला आणि काय अडले आहे, ते एका पूर्ण वाक्यात लिहा. मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत असेल तर उत्तम, कारण उठून आणायला जाण्याइतकी ती ओढ सहसा प्रबळ नसते.